टेकडीवरची मंडई

‘तुमचं गाव पाण्यात गेलं ना?’ असं कुणी विचारलं की डोमाजी जागच्या जागी दुरुस्ती करतात. ‘गाव तिथंच हाय. पानी आमच्या गावात आलं.’

सत्तरी उलटलेला हा माणूस माझा शेजारी. धरणाचं पाणी मोहखेडीत शिरलं आणि अख्खं गाव उठून या नव्या वसाहतीत आलं. मी मूळचा शहापूरचा, शाळेतल्या नोकरीमुळे इथे राहायला आलो. पहिल्याच दिवशी डोमाजींनी मला सांगून टाकलं, ‘गुरुजी, तुमी अन् मी, दोघंही इथं किरायानं हाओत.’ घर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे.

मोहखेडीची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. तिला मी एकदा बेट म्हणालो. ‘बेट नोका म्हनू,’ डोमाजी म्हणाले. ‘पाहुना घरात बसला म्हून घर त्याचं होते का?’ त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पानाची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं लागतात, लेकी-बहिणी माहेरी येतात. ज्या त्या गावाचा दिवस ठरलेला. वसाहतीनेही आता आपली मंडई सुरू केली आहे, पण डोमाजी तिकडे फिरकत नाहीत. मोहखेडीच्या मंडईच्या दिवशी ते डोंग्यात, लहानशा होडीत, बसतात आणि टेकडीवर जातात. कशाला, ते कुणाला सांगत नाहीत. ‘खाडा पडला नाई पाह्यजे,’ एवढंच.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. मुलाने हुकूम काढला, ‘बाबा, औंदा टेकडी बंद.’

‘काहून? स्प्रिंग टाकली तं उडी अजून चांगली बसन.’

मुलाने मला मध्ये घातलं. मी समजूत घालायला गेलो आणि आपणही सोबत येतो असं कबूल करून परतलो.

टेकडी तशी लहानच, शाळेतली पोरं धावत चढतील एवढी. डोमाजी नवं धोतर, कडक टोपी आणि खांद्यावर पिशवी अशा थाटात निघाले. धाप लागली की थांबायचे आणि मलाच म्हणायचे, ‘दमले ना गुरुजी? बसा, मी थांबतो.’ मी मुकाट्याने दमायचो. मागून डोंगेवाला नामदेव हसत येत होता.

माथ्यावर त्यांनी पिशवी उघडली. स्वतःपुढे विड्याची पानं मांडली. नामदेवपुढे खेळणी ठेवली आणि मला बांगड्यांसमोर बसवलं. मग उठून गिऱ्हाईक होऊन आले आणि भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी निम्मा मागितला, मी लगेच कबूल झालो. ते भडकले.

‘असं नाई, गुरुजी. भांडा. मंडईत कोन असा माल देते?’

मग मी भांडलो, आणि अगदी खरं भांडलो. आजारी माणूस, डोक्यावर ऊन आणि हा पोरखेळ. मला मनापासून राग आला होता. ‘डोमाजी, हे सगळं कुणासाठी?’

त्यांनी बांगड्या रुमालात बांधल्या आणि मोबाइल काढला. ‘मोठी बहीन हाय माही, कोंढ्याले. आता मलेही कधी ओळखते, कधी नाई. पन मंडई भरली का, हे दर साली पुसते. अन् तिच्यासंग खोटं बोलाची मले सवय नाई.’

फोन लागला. डोमाजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा होता आणि पलीकडचं आम्हालाही ऐकू येत होतं.

‘डोम्या, मंडई भरली का?’

‘भरली, बाई. मंडईतच उभा हाओ. तुह्या बांगड्या घेतल्या. दुकानदार भल्ला भांडकुदळ.’

मग म्हातारी हळूच म्हणाली, ‘सून सांगते, गाव बुडलं. तवापासून मले जेवन जात नाई.’

चहूकडे पाणीच पाणी होतं. डोमाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. टोपी सरळ केली. ‘बुडल्या गावात मंडई भरते का, बाई?’

‘मंग गलका काहून आयकू येत नाई?’

डोमाजींनी तोंड उघडलं, पण उत्तर सुचेना. इतक्या वर्षांत या माणसाला निरुत्तर झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन होईना. मी नामदेवपुढची पिपाणी उचलली आणि गाल दुखेस्तोवर फुंकली. नामदेव पान, बांगड्या, फुगे, जे सुचेल ते विकायला ओरडू लागला. आमच्याजवळ फुगे नव्हतेच.

‘डोम्या,’ म्हातारीचा आवाज एकदम खणखणीत झाला, ‘कोनाचं पोट्टं हाय ते? चूप कर त्याले. मले तुहं काई आयकू येऊन नाई राहिलं.’

डोमाजींचे डोळे भरले होते. त्यांनी मला वाजवत राहा अशी हाताने खूण केली. मी आणखी जोरात वाजवली.