नळ उघडा

मी एकदा ठरवलं की ठरवलं! शनिवारी दहा ते बारा हे दोन तास माझे. या दोन तासांत मी या घराची कोणी लागत नाही. बायको नाही, सून नाही, आई नाही. मी लेखिका! लहान मुलांच्या चित्रपुस्तकांची लेखिका! अजून एकही पुस्तक आलेलं नाही हे खरं, पण तो दोष माझा नाही, घरातल्यांचा आहे. तेच तर सांगते आहे.

खूण म्हणून मी लाल रुमाल ठरवला. घरातल्या सगळ्यांना कोचावर ओळीने बसवून मी जाहीर केलं, "माझ्या डोक्याला हा रुमाल दिसला की मला हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही!"

आग म्हणाले. पाणी म्हणायचं राहून गेलं.

पहिल्याच शनिवारी दहा वाजून चार मिनिटांनी नवरा दारात उभा!

"अगं, तू घरात नाहीस हे मला माहीत आहे. फक्त एवढंच सांग, तू घरात असतीस तर माझे मोजे कुठे आहेत म्हणाली असतीस?"

त्याला घालवलं तर सहा वर्षांची लेक आली. "आई, मी हाक नाही मारत आहे. मी नुसतं सांगते आहे की दूध सांडलंय."

सासूबाई मात्र शब्दाच्या पक्क्या. त्या हाक मारत नाहीत. त्या दारात येतात आणि भिंतीशी बोलतात. "कांदे संपले वाटतं. असू दे. कोणाला सांगणार बाई!"

असे किती शनिवार गेले! एक ओळ लिहावी, उठावं. दुसरी लिहावी, उठावं. मोठी माणसं मोठी पुस्तकं कशी लिहितात देव जाणे, मला माझ्या गोष्टीतल्या अस्वलाला दाराबाहेर काढायला तीन आठवडे लागले. मनातून मी इतकी चिडलेली असायचे की कागदावर पेन टेकवलं की कागद फाटायचा.

आणि एका शनिवारी, ज्या प्रकाशनाला मी गोष्टीची कल्पना पाठवली होती, तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. अतिशय मऊ आवाज. जोरात बोलल्या तर त्यांनाच लागेल असा. "तुमची कल्पना आवडली. यंदाच्या यादीत एकच जागा उरली आहे. सोळा पानं करून आणा. प्रत्येक पानावर मजकूर आणि खाली चित्रात काय दिसतं ते. चित्रं आमचा चित्रकार काढेल. पुढच्या शनिवारी चारपर्यंत कार्यालयात पोचलं पाहिजे. सोमवारी यादी छापायला जाते. आणि हो, शब्द छाटा. चित्रपुस्तकात एकही जास्तीचा शब्द नको."

एकच जागा! दोन वर्षं मी हिचीच वाट बघत होते. ही गेली असती तर पुढच्या वर्षापर्यंत मी पुन्हा कांदे आणि मोजे.

गोष्ट माझ्याकडे तयार होती. एक अस्वलांचं घर. पिल्लू नळ सोडून खेळायला जातं. बाबा अस्वल कोचावरून हलत नाही. आई अस्वल ओरडून ओरडून दमते. पाणी वाढत जातं आणि शेवटी अख्खं घर नावेसारखं तरंगत सहलीला निघतं. यात आमच्या घरातलं कोणीही नाही. शप्पथ!

सोळा कागद एका नजरेत दिसावेत म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सोळा दारांवर चिकटवले. आठ वर, आठ खाली. येता-जाता, भाजी ढवळता ढवळता मी रंगीत पेनांनी शब्द छाटत होते. वहीतले जुने सगळे खर्डे खोडून झाले होते. खरी गोष्ट आता फक्त दारांवर होती.

दोन दिवसांनी नवरा चहाचा कप घेऊन दारं वाचत उभा. "या बाबा अस्वलाच्या पोटावर कप का आहे?"

"अस्वलं ठेवतात."

"आणि चष्मा?"

"अहो, ते अस्वल आहे!"

सासूबाईंनी काही विचारलं नाही. पान सातवर घुबडआजी होती. 'घुबडआजी सगळं बघते. काही बोलत नाही. मग फोनवर सगळं बोलते.' त्या रोज त्या दारासमोर खुर्ची टाकून भाजी निवडायच्या आणि मग आत जाऊन बहिणीला फोन लावायच्या.

शुक्रवारी शेवटची छाटणी केली. पान अकरा ओट्याखालच्या दारावर होतं. त्यावर होतं, 'नळ उघडा आहे. पाणीच पाणी. कोणी काही बोलत नाही.' मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि 'आहे' खोडलं. नळ उघडा. वा! काय सुटसुटीत झालं! स्वतःवर इतकी खूष मी लग्नातसुद्धा नव्हते.

शनिवार उजाडला. रुमाल बांधून मी झोपायच्या खोलीत, चित्रकाराला कल्पना यावी म्हणून, मुखपृष्ठ रंगवायला बसले. दहाचे साडेदहा झाले, कोणी आलं नाही. पावणेअकरा झाले, मोजे नाहीत, दूध नाही, भिंतीशी बोलणं नाही. मला भरून आलं! म्हटलं, शेवटी कळलं हो यांना.

नेमका त्याच दिवशी नवऱ्याने प्लंबर बोलावला होता. तीन महिने गळणाऱ्या नळासाठी मी याच्या मागे लागले होते, तेव्हा याला वेळ नव्हता. आज होता! 'नळ गळतो, वायसर बदला' अशी चिठ्ठी त्याने ओट्याखालच्या दाराला आतून चिकटवली आणि प्लंबरला सांगितलं, "काय करायचं ते ओट्याखालच्या दारावर लिहिलंय. तसंच करा. आणि बाईंना अजिबात हाक मारायची नाही, डोक्याला रुमाल आहे."

प्लंबर शिस्तीचा माणूस. त्याने दार उघडलंच नाही, बाहेरून वाचलं. 'नळ उघडा.' न्हाणीघरातला मुख्य कॉक बंद करून त्याने नळ उघडला, म्हणजे त्यांच्या भाषेत पुरता सोडवून हातात घेतला. पुढे वाचलं, 'कोणी काही बोलत नाही.' तो गप्प बसला.

एवढ्यात नवरा आंघोळीला गेला. आतून ओरडला, "झालं का हो? पाणी सोडू?"

प्लंबर गप्प.

"काही बोलत नाही म्हणजे झालं असणार," असं म्हणून नवऱ्याने कॉक सोडला आणि कडी लावून गात गात आंघोळ सुरू केली.

मला काय कळलं? काहीच नाही! मुखपृष्ठावरच्या अस्वलाला मी निळी टोपी रंगवत होते. पाय गार पडले म्हणून खाली पाहिलं, तर दाराच्या फटीतून पाणी येत होतं आणि पाण्यावर तरंगत एक कागद आत आला. शाई पसरलेली, 'घुबडआजी' एवढंच वाचता येत होतं.

मी धावले. स्वयंपाकघरात छतापर्यंत कारंजं! प्लंबर दोन्ही तळवे पाइपावर दाबून नखशिखांत भिजलेला, तोंड घट्ट मिटलेलं. सासूबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या. लेक घोट्याएवढ्या पाण्यात नाचत होती. "आई, घर तरंगणार!"

आणि सोळाच्या सोळा दारांवरून माझी गोष्ट निळी, लाल, हिरवी होऊन ओघळत होती. दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरणं काय असतं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं!

मी न्हाणीघराच्या दारावर इतक्या जोरात लाथ मारली की कडीच निघाली. कॉक बंद केला. साबणाने माखलेला नवरा टॉवेल सावरत म्हणाला, "अगं, तू घरात आहेस?"

"मला हाक का नाही मारली?" मी किंचाळले. "एकाने तरी का नाही मारली?"

"रुमाल," लेक म्हणाली.

"रुमाल," सासूबाई म्हणाल्या.

प्लंबरने नुसतं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"अहो, तुम्ही तरी तोंड उघडा!"

"ताई, दारावर लिहिलंय ना, कोणी बोलायचं नाही. नळ उघडा म्हटलं, उघडला. माझं काय चुकलं?"

काय सांगणार त्याला? 'आहे' मीच खोडलं होतं! पण म्हणून राग कमी होतो का? उलट वाढतो. वर्षभर ज्यांनी माझा एक नियम पाळला नाही, त्यांनी तो पाळायला हाच मुहूर्त काढावा? मी रुमाल ओढून जमिनीवर आपटला. तोही तरंगला. मग ओल्या ओट्याला टेकून मी रडले, आणि रडताना सगळ्यांना ओरडतही होते.

मग सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पान एक. अस्वलांचं घर. सकाळ. सगळे झोपलेले. आई अस्वल ओरडते."

मी वर पाहिलं.

"पान दोन. बाबा अस्वल कोचावर. पोटावर कप." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघतेस काय? कागद घे. आठवडाभर बहिणीला रोज वाचून दाखवलंय. माझी सून माझ्यावर काय लिहिते ते तिला कळायला नको?"

बारा वाजत आले होते. नवरा कोरडे कागद घेऊन आला, प्लंबरने वायसर बदलून पाणी बाहेर लोटलं, लेकीने पेनांची टोपणं उघडून दिली. सासूबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. एक शब्द अडला नाही. पान सातवर मात्र त्या थांबल्या.

"घुबडआजी दिसायला फार देखणी. स्वभावाने त्याहून चांगली."

"आई, तसं नव्हतं."

"पाण्यात गेलं ना? मग तसंच होतं."

लिहिलं! करते काय? पान अकरावर मात्र मी ठळक अक्षरांत लिहिलं, नळ उघडा आहे. आहे, आहे, आहे! चारला दहा कमी असताना नवऱ्याने सोळा पानं कार्यालयात पोचवली. ओल्या मोज्यांनी.

मंगळवारी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा माझे हात भांड्यांत होते, म्हणून लेकीने तो स्पीकरवर टाकला. सगळे जमले.

"पुस्तक घेतोय आम्ही," तो मऊ आवाज म्हणाला. "घुबडआजी फारच गोड. फक्त दोन गोष्टी. ही आई अस्वल जरा अति वाटते. सोळापैकी चौदा पानांवर ओरडते. इतकं कुठल्या घरात कोणी ओरडतं का हो? तुमच्याकडे शांतता असेल, म्हणून लक्षात आलं नसेल."

नवरा छतावरचा ओला डाग बघू लागला.

"करते हं सौम्य," मी म्हणाले. गोड आवाजात! साक्षीदार आहेत. "आणि दुसरी?"

"पान अकरा. 'नळ उघडा आहे.' यातलं ते 'आहे' काढून टाकू या का? जास्तीचं आहे."

"नाही!! आहे काढायचं नाही! कोणी काढलं तर मी तिथे येऊन एकेकाला बघून घेईन! आहे राहणार म्हणजे राहणार!!"

लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बरं," फोनमधून अगदी बारीक आवाज आला. "राहू द्या. आणि... ती आई अस्वलपण राहू द्या. आहे तशीच."

फोन बंद झाला. सासूबाई सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी बहिणीला फोन लावला.