सांध्यावर गाठ नको

दिग्रसच्या आमच्या गल्लीत सत्तारभाई कापूसवाले समोरून आले, की शहाणी माणसं जवळच्या दुकानात शिरत. सत्तारभाई रामराम करत नसत, धडा देत. त्यांनी स्वतःची एक भाषा बनवली होती.

कापसाचा धंदा बसला होता. जिनिंग अर्धा हंगाम बंद असे, आणि हे गृहस्थ रिकाम्या काट्याशेजारी बसून शब्द घडवत. ‘तक’ म्हणजे पाणी, ‘डिम’ म्हणजे दे.

“म्हणजे पाणी दे हे तकडिम?” मी विचारलं.

“तोबा! दात पडतीन, वहिनी. दोन शब्द जुळले का मधले क, ड असे कडक अक्षरं वितळून ‘य’ होते. तायिम! चरख्यावर पेळूले पेळू जोडता, तवा सांधा दिसते काय? बोलीतही गाठ राह्यली नाय पाह्यजे.”

मुलांनो, मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. नियम ऐकला की अपवाद शोधते. त्यांच्या भाषेत एकही सापडेना. मी थक्क झाले. फक्त ते नियमच अधूनमधून बदलत. सांध्यावरचा ‘र’ एकाएकी ‘ल’ झाला, तेव्हा मी वैतागले.

“सत्तारभाई, व्याकरण म्हणजे काय बाजारभाव आहे?”

“भाव तं खाली चालला. माही बोली वर चालली. तुमी फकस्त शिका. गल्लीतलं एक तरी बाईमानूस शिकलं पाह्यजे.”

बाईमाणूसच का, ते सांगत नसत. पण रोज विचारत, “झाला काय पाठ?”

ईदला शीरखुर्म्यासाठी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोची, जुबेदाभाभींची, जीभ लकव्याने जड झाली होती. बोलू लागल्या की शेजारणी “काय? काय?” करत, म्हणून त्यांनी बाहेर येणं आणि बोलणं दोन्ही सोडलं होतं.

पडद्यामागून आवाज आला, “तायिम.” अगदी स्वच्छ. सत्तारभाई पाणी घेऊन धावले. भाभी आणखी काही म्हणाल्या, आणि हे ओरडलेच, “र आला! जुबेदा, र आला! वहिनी, आजपासून सांध्यावर र चालते!”

भाभींची जीभ वळेल तसा नियम वळत होता.

मी पडदा सारून आत गेले आणि आठवेल तसं त्या भाषेत भाभींना खुशाली विचारली. मग त्या बोलत सुटल्या. मला निम्मंच कळलं. मी हुंकार देत राहिले.

सत्तारभाई अर्थ सांगायला थांबले नाहीत. “मी बाहेर बसतो,” ते हळूच म्हणाले. “बायकांच्या गप्पात आपलं काय काम?”