चावा, मी पाह्यतो

सरोदे सर भेटले की नमस्कार करत नाहीत. ते म्हणतात, "तीन बोटं."

मग आपण आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे घालायची. गेली, तर सर मान हलवून पुढे जातात. नाही गेली, तर भर रस्त्यात तुमची शिकवणी सुरू. अनसिंगमधल्या आमच्या गल्लीला आता याची सवय झाली आहे. सर लांबून दिसले की लोक आपणहून बोटं तोंडात घालतात, तेवढाच वेळ वाचतो. नव्या ग्रामसेवकाला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली तोंडात बोटं घालून आपल्याकडे बघते आहे असं वाटून तो बिचारा ऑफिसात जाऊन दार लावून बसला.

सर मोठ्या शहरात डॉक्टर होणाऱ्या मुलांना शरीराची रचना शिकवायचे. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन गावी आले आणि आमच्या शेजारी घर बांधलं. शरीरात हृदय आहे, मेंदू आहे, पण सरांचा जीव जडला तो जबड्यावर. "बाकी शरीर म्हंजे जबड्याले लटकवलेलं सामान हाय," असं ते खुशाल म्हणतात.

"गालाच्या हाडामांगं अंगठ्याएवढी जागा," ते सांगतात, "अन तिच्यात नसा, रक्तवाहिन्या, स्नायू. रामनवमीले पोहरादेवीत नसन एवढी गर्दी. पन कोनाचा कोनाले धक्का नाई."

चावायचे स्नायू चार. त्यांची इंग्रजी नावं माझ्या सासूबाईंच्या जिभेला झेपेनात, म्हणून सरांनी त्यांचे चार भाऊ केले. एक कानशिलावर, एक गालावर, दोघं आत लपलेले. "तीन भाऊ मिळून तोंड मिटतात. लहाना एकटा उघडते."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या घरी उल्टं हाय. उघडनारे सारे, मिटनारं कोनी नाई."

सासूबाईंचं तोंड हा वेगळाच विषय आहे. त्यांची कवळी सैल आहे. जेवताना ती कट-कट वाजते, इतकी, की त्या कोणाच्या घरी जेवायला जायला लाजतात. वाशीमला नेऊन कवळी बसवून आणा, असा माझ्या नवऱ्याच्या मागे त्यांचा सारखा लकडा. तो रोज वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन वाशीमच्या बाजारात जातो, पण आई आणि कवळी या दोन गोष्टी त्याला गाडीत घालायला सुचत नाहीत.

सरांच्या या वेडाचा उपयोग नव्हता असं नाही. माझ्या नणंदेच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा दिसायला बरा, बोलायला बरा. पोह्यांची बशी हातात घेतली तेवढ्यात सर म्हणाले, "तीन बोटं." मुलाला वाटलं, इकडची काही रीत असेल. दीड बोटावर गाडी अडली.

"खर्रा," सर म्हणाले. तंबाखू-सुपारीचा तो चुरा चघळून चघळून तोंड उघडेनासं होतं.

मुलाचा बाप म्हणाला, "अदूनमदून, सनावाराले खाते."

"याच्या तोंडात रोज दिवाळी हाय," सर म्हणाले.

ते लग्न मोडलं. मुलगी आता दुसरीकडे सुखात आहे आणि तिचा नवरा जांभई देतो तेव्हा त्याचा घसा दिसतो, असं ती कौतुकाने सांगते.

मागच्या वर्षी काकू गेल्या. झोपेतच गेल्या. त्यानंतर सर दोन गोष्टी करू लागले. एक म्हणजे ते दिवसेंदिवस वाळू लागले. आणि दुसरी, ते बोलावलं न बोलावलं तरी प्रत्येक पंगतीला जाऊ लागले.

आमच्याकडे नवस फेडायचा तर वावरात रोडगे करतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. भाजलेलं कवच टणक असतं, चावायला जबडा लागतो. सर स्वतः बसायचे नाहीत. पंगतीच्या मागून फिरायचे, एकेकाच्या कानापुढे दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "चावा, मी पाह्यतो." मान तिरपी करून थोडं थांबायचे, मग पुढचा माणूस. केनवडहून आलेल्या एका आजीला वाटलं, कोणी महाराज डोक्याला हात लावून राहिलेत. ती पाया पडली आणि तिने सरांपुढे नारळ ठेवला. सर म्हणाले, "हा चावून होत नाई. फोडून घ्या."

लोक हसले, मीही हसले. पण सरांचा शर्ट खांद्यावरून उतरत चालला होता, आणि हा माणूस असाच वाळत गेला तर पुढची पंगत याच्याच तेरवीची होईल, ही धास्ती काही माझ्या मनातून जाईना.

मी रोज दुपारचा डबा पाठवायला लागले. डबा चाटूनपुसून परत यायचा.

"जेवले ना सर?"

"सारं चावून झालं. एक शीत उरलं नाई."

तरी सर वाळतच होते. सुधारला तो आमच्या गल्लीतला मोत्या. हा कुत्रा आधी भिंतीला टेकून भुंकायचा, आता त्याच्या अंगावर तकाकी आली. सर त्याचा गाल दाबून मला दाखवायचे, "पाह्य मंगल, स्नायू पाह्य याचा." आणि मी, शहाणी, पाहायचे.

एके दुपारी डबा आणायला मी स्वतःच गेले. सर ओट्यावर बसले होते. समोर मोत्या, मोत्यापुढे माझी भाकर आणि भाजी, आणि कुठून तरी पैदा केलेलं एक हाडूक. सर त्याला म्हणत होते, "चावा, मी पाह्यतो." कुत्र्याला अहो-जाहो. स्वतःच्या हातात चहाचा कप, त्यात बिस्कीट विरघळून लगदा झालेला. ते तो घोट घोट पीत होते.

माझं डोकं सणकलं. "सर, म्या काय कुत्र्यासाठी चुलीपाशी बसते?"

सर ओशाळले. "त्याले भूक लागते."

"अन तुमाले?"

"लागते. पन घास तोंडात नुसता फिरते, खाली उतरत नाई." ते मोत्याकडेच बघत होते. "तुही काकू समोर बसे जेवाले. चावताना तिच्या कानापाशी कट-कट वाजे. सांध्याचा आवाज होय तो. मी रोज तिले तेच समजावून सांगो. ती म्हने, आता जेवू द्या निवांत."

मोत्याने हाडूक फोडलं. सरांची मान आपोआप तिरपी झाली.

"थोडासा तसाच येते आवाज," ते म्हणाले. "पंगतीत बी पाह्यतो, कोनाचं वाजते का. कोनाचंच वाजत नाई."

मी त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली. तिथे खड्डा होता. मला रडू आलं आणि रागही आला. मी त्यांना उठवून घरी आणलं आणि पाटावर बसवून ताट वाढलं. सासूबाईंना आत बोलावून सगळं सांगितलं. परपुरुषासमोर कधी न जेवणारी ती बाई येऊन सरांच्या समोर बसली आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला.

कट-कट.

सरांनी मान तिरपी केली. हात ताटात तसाच राहिला. मग त्यांनी एक घास तोंडात घातला.

"चावा सर, मी पाह्यते," मी म्हणाले, आणि कानशिलावर बोटं टेकवली. बराच वेळ काही नाही. मग बोटांखाली काहीतरी हललं, उचललं गेलं, पुन्हा बसलं.

आता सर रोज दुपारी आमच्याकडे असतात. परवा माझ्या नवऱ्याला अखेर सुचलं. बाजाराला निघताना म्हणाला, "आई, चाल, बस गाडीत. तुही कवळी नीट करून आनू."

सासूबाई निवडत असलेल्या मेथीतून मानसुद्धा वर न करता म्हणाल्या, "कायले? वाजू दे."