अध्यक्षांचं शेवाळ

पालथ्या ताटलीवर ठेवलेला मोबाईल घुर्र घुर्र करत सरकू लागला आणि महत्प्रयासानं जमवलेली दुपारची शांतता मोडली. पाच वर्षांच्या लेकीला झोपवून नुकतीच लिहायला बसलेली ती धडपडत उठली. फोन शिष्यवृत्ती मंडळातल्या भाऊसाहेबांचा होता.

"मॅडम, आज सत्काराला येताय ना? पंचवीस महिला संशोधक, एकेकीला मानचिन्ह."

"भाऊसाहेब, आज माझ्या अहवालाचा शेवटचा दिवस आहे. तो पोचला नाही तर शिष्यवृत्तीचं पुढचं वर्ष गेलं. मुदतीचं पत्र तुमच्याच सहीचं आहे."

"पत्र आमचं, पण सत्कार अध्यक्षांच्या हस्ते. असं करा, अहवाल पाठवा, सत्काराला या, आणि येता येता अध्यक्षांचं भाषण तेवढं लिहून द्या. दीड पान. विषय सोपा आहे, संशोधक स्त्रीला निवांत वेळ मिळाला पाहिजे."

"पण मीच का?"

"बाकीच्या चोवीस जणींनी फोन उचलला नाही."

आवाजानं लेक जागी झालीच होती. तिला मांडीवर घेऊन, एका हातानं, तिनं निवांत वेळेवर दीड पान लिहिलं. उरलेल्या वेळात अहवाल कसाबसा संपवला. ओल्या भिंतींवर शेवाळ कसं पसरतं, हा तिचा विषय. पक्षपात होऊ नये म्हणून मंडळाच्या कागदांवर कुणाचं नाव नसे, फक्त नोंदणी क्रमांक. भाषणासाठी वेगळा क्रमांक कुठून आणणार? दोन्ही कागद तिच्याच क्रमांकावर गेले. भाऊसाहेबांनी दोन्ही छापले, एक समितीकडे धाडला, एक अध्यक्षांच्या हातात दिला. वाचायचं काम त्यांचं नव्हतं.

संध्याकाळी मंचावर सात पुरुष बसले होते. सत्कारमूर्ती समोर, खाली. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"गेले सहा महिने मी ओलसर भिंतींचा अभ्यास करीत आहे."

मांडीवरच्या लेकीला सावरत ती खुर्चीत पुढे सरकली.

"न्हाणीघरामागच्या भिंतीवर माझं शेवाळ तिपटीनं वाढलं आहे." अध्यक्षांनी चष्मा पुसला. पण हाती आलेला कागद अर्ध्यावर सोडणाऱ्यांतले ते नव्हते. "मध्यंतरी मुलीला अकरा दिवस ताप होता. तरी तिला खांद्यावर टाकून मी रोज सकाळी मोजमापं घेतली."

"आई, हे माझ्या तापाचं बोलतायत."

"हळू बोल, बाळा."

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बाईचं दुःख स्वतःच्या तोंडून मांडायचं म्हणजे काळीज लागतं हो."

मानचिन्ह काखेत मारून, लेकीला ओढत तिनं भाऊसाहेबांना त्यांच्या टेबलापाशी गाठलं.

"भाऊसाहेब, त्यांनी माझा अहवाल वाचला."

"काय वाचलाय पण. स्मरणिकेत छापायला दिला सुद्धा."

"अहो, पण तो माझा आहे. दुसरी प्रत देते, ती समितीकडे द्या."

"आता कशी देणार? अध्यक्षांच्या भाषणातून उचलला म्हणतील. तुमचंच नाव खराब व्हायचं."

"त्या अहवालातली मुलगी ही बघा, समोर उभी आहे."

भाऊसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. "ताप उतरला ना गं आता? छान."

"आणि माझं पुढचं वर्ष?"

"त्याची काळजी कशाला? समितीनं चहाच्या आधीच निकाल लावला." त्यांनी खणातून कागद काढला. तिचंच दीड पान. त्यावर शिक्का: प्रगती समाधानकारक, मुदतवाढ मंजूर. खाली हिरव्या शाईत शेरा: 'संशोधिकेने निवांत वेळेचा उत्तम उपयोग केला आहे.'

तिला हसावं की रडावं कळेना. वर्ष मिळालं होतं. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.

"आई, त्यांना आवडलं तुझं काम?"

"शिक्का तर तसाच आहे."

"वाचलं त्यांनी?"

"नाही गं."

लेक रस्त्यातला एक खडा लाथाडत चालली. मग तिनं मान वर केली.

"आणि वाचलं असतं, तर आवडलं असतं का?"