दौलतभाऊंची पांढरी गाडी

रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की आपण "काय, बरं आहे ना?" असं विचारतो. दौलतभाऊ विचारत, "मास्तर, जरा पडून पाहता का?"

पडून म्हणजे त्यांच्या गाडीत. वाशीमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून एक पांढरी मोटार उभी असे. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली ही रोग्यांची गाडी गावातल्या चार व्यापाऱ्यांनी वर्गणी करून लिलावात घेतली होती. गाडीबरोबर ती चालवणारा माणूसही लष्करातूनच सुटून आलेला मिळाला, तो दौलतभाऊ. आत दोन बाजूंना दोन स्ट्रेचर आणि बाहेर मडगार्डावर, न पेटवलेली विडी तोंडात धरून, हे बसलेले.

मी हायस्कुलात गणित शिकवत असे, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. आमच्या गल्लीत चौदा घरं होती, आणि प्रत्येक घरातलं निदान एक धडधाकट माणूस त्या स्ट्रेचरवर झोपून आलं होतं. मी स्वतः चार वेळा झोपलो. चौथ्या वेळी मला डुलकी लागली, तेव्हा दौलतभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी मला उठवलंच नाही आणि माझा इयत्ता नववीचा तास बुडाला.

या आग्रहामागं कारण होतं. गाडी येऊन वर्ष उलटलं तरी तिच्यात एकही रोगी आडवा झोपायला तयार नव्हता. स्ट्रेचर म्हणजे दोन लांब दांडे आणि मध्ये ताणलेलं कापड. तशी वस्तू आमच्याकडे लोकांनी एकच पाहिलेली, आणि तिच्यावर झोपलेलं माणूस परत येत नाही. जिवंत माणूस गावाबाहेर जातो तो बसून जातो, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणून रोगी यायचे, पण दौलतभाऊंच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचे.

इंझोरीचा एक जण कडुलिंबावरून पडला आणि त्याचा हात मोडला. तो पुढं बसला. त्याचा मेहुणा सोबत होता, त्याला वाटलं जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून तो मागं स्ट्रेचरवर आडवा झाला आणि घोरू लागला. अकोल्याच्या दवाखान्यात गाडी थांबली, माणसं धावत आली आणि त्यांनी मेहुण्याला उचलून आत नेलं. हा जागा होऊन ओरडतोय, "अहो मी नाई, तो! तो पाहा, उभा राहून पाह्यते!" आणि ते म्हणतायत, बडबडतोय, डोक्याला लागलेलं दिसतं.

दौलतभाऊ ही गोष्ट हसून सांगत, पण शेवटी विडी हातात घेऊन म्हणत, "मास्तर, मानूस बसला का हाड सरकते. झोपला तं वाचते. एवढंसं काम, पन कोनी आयकत नाई."

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं: "पयले सास, मंग रगत, मंग हाड." माणूस पडला की आधी श्वास पाहायचा, मग रक्त थांबवायचं, मग हाडाकडं वळायचं. हा क्रम ते कशालाही लावत. शेजारच्या घरी नवराबायकोचं भांडण झालं तरी ओट्यावर उभे राहून म्हणत, "पयले सास घ्या दोघंबी. रगत मंग पाहू." खिशात तिकोनी कापडं कायम. गप्पा मारता मारता समोरच्याचा हात गळ्यात बांधून टाकायचे आणि गाठ कुठं, कशी, ते विचारायचे. बांधलेल्या हातानं लोक बाजार करून येत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाचा जबडा बांधून दाखवला, तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामांना पहिल्या दोन कडव्यांत काहीच म्हणता आलं नाही.

आमच्या घरी एकीपुढं मात्र त्यांची डाळ शिजत नसे. माझी गयाआत्या, वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली, हिनं त्यांना एकदाच सांगितलं होतं, "दौलत्या, मले हात लावशीन तं हातच मोडीन. मंग बांधत बस तुह्याच हाताले."

आता सिनेमाचं सांगतो. गाडीच्या लिलावात एक पत्र्याचा डबाही आला होता, त्यात फिल्म होती. मोटार बेफिकीरपणे चालवली तर काय होतं, हे लष्करातल्या ड्रायव्हरांना दाखवण्यासाठी परदेशात काढलेली. दौलतभाऊंनी ती लष्करात पाहिली होती आणि त्या दिवशी आपल्याला जेवण गेलं नाही, असं ते अभिमानानं सांगत. बाजाराच्या दिवशी सरकारी प्रचाराची गाडी पडदा घेऊन आली, की हे डबा घेऊन ऑपरेटरच्या मागं लागत. शेवटी तो कंटाळला आणि हो म्हणाला.

गावात मोटारी मोजक्या, त्यामुळे समोर बसले होते सगळे बैलगाडीवाले. पण दौलतभाऊंचं म्हणणं, तेच तर पाहिजेत. आमचे गाडीवाले रिसोडहून माल घेऊन निघाले की खुशाल झोपतात, बैलांना वाट पाठ असते. आता त्या वाटेवर ट्रक धावू लागले होते.

फिल्ममधलं बोलणं इंग्रजी. दौलतभाऊंनी भोंगा हातात घेतला. "पाहा, हा डायवर. डोये मिटून राह्यला. मिटले का? मिटले. आता पाहाच."

त्यानंतर पडद्यावर जे झालं ते मी लिहीत नाही. मोटार झाडावर गेली, काच फुटली आणि कॅमेरा कुठंही तोंड फिरवत नव्हता. दोन जण उठून मागं गेले. अनसिंगचा एक दांडगा गडी बसल्या जागी आडवा झाला. दौलतभाऊंनी भोंगा फेकला आणि उडीच मारली. "पयले सास!" पुढची पाच मिनिटं पडद्याकडं कोणी पाहिलं नाही. सगळे त्या गड्याभोवती जमून खरा खेळ पाहत होते. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याचे पाय पोत्यावर उंच ठेवलेले, आणि दौलतभाऊ त्याच्याकडं असे पाहत होते की जणू घरी पहिलं पोर झालंय.

तोवर फिल्म शेवटाला आली होती. पांढरी गाडी येते, जखमी माणसाला स्ट्रेचरवर घेतात, दवाखान्यात नेतात, आणि तिथं त्याच्या तोंडावर चादर ओढतात. फिल्म संपते.

आत्या सगळ्यात पुढं, घरून आणलेल्या पोत्यावर बसली होती. ती उठली, लुगडं झटकलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "गाडी येयलोक तो हालत होता. मी सोताच्या डोयानं पाह्यलं. त्या गाडीत घातला अन मेला."

दिसलं तर तसंच होतं. दौलतभाऊ भोंग्यातून सांगत राहिले की तो आधीच मरणार होता, पण लोक आत्याच्या बाजूला गेले होते. पुढचे दोन महिने पुढच्या सीटवर बसायलाही कोणी येईना. गाडी दिसली की बाया पोरांना घरात घेत.

दौलतभाऊंनी मग शिंप्याकडून कात्री आणली आणि फिल्ममधला चादरीचा तुकडा कापून टाकला. पुढच्या बाजारी फिल्म पांढऱ्या गाडीचा दरवाजा बंद होण्यापाशी संपली. "बरा झाला बरं का तो!" त्यांनी भोंग्यातून जाहीर केलं.

"शेवट कापला म्हनून का झालं?" आत्या पोत्यावरून म्हणाली. "मी पाह्यला हाये तो."

एवढं झाल्यावर दुसरा कोणी रागावला असता. दौलतभाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले आणि मला म्हणाले, "आत्याबाई एक डाव झोपल्या ना मास्तर, तं सारं गाव झोपन."

उन्हाळ्यात आत्या घराच्या धाब्यावर कुरडया वाळत घालायला चढली होती. शिडीवरून उतरताना तिचा पाय चुकला. मी धावलो तेव्हा ती अंगणात पडली होती, रडत नव्हती, कुरडयांवर कावळे बसतील म्हणून माझ्या बायकोला ओरडत होती. पाय मात्र मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता.

गावातल्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मांडीचं हाड आहे. अकोल्यालाच न्या, आणि आडवंच न्या. बसवून नेलं तर पाय जाईल. या वयात कदाचित त्याहून जास्त."

आत्यानं ऐकलंच. "या घरातून मी आडवी एकदाच जाईन," ती म्हणाली. "अन ते आज नाई. बैलबंडी जुंपा. मी बसून जाईन."

माझी बायको रडू लागली. मी आत्याला समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. ती तोंड फिरवून पडून राहिली. दौलतभाऊ कधी आले ते मला कळलं नाही. त्यांनी कपडे वाळत घालायचा बांबू काढला, बायकोकडून तीन जुनी लुगडी मागून घेतली, आणि आत्याच्या शेजारी उकिडवे बसले. या वेळी वाक्य नाही, शास्त्र नाही.

"आत्याबाई, बांधू का?"

आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले. "बांध. पन झोपनार नाई."

त्यांनी काखेपासून घोट्यापर्यंत बांबू बांधला. हात इतका हलका की आत्यानं एकदाही ओठ चावला नाही. बांधून झाल्यावर ते म्हणाले, "तुमाले भेव कायचं हाये? झोपाचं, का लोकायनं पाह्याचं?"

"शेजारची शांती पाहीन," आत्या म्हणाली. "बाजारातली ठमी पाहीन. म्हनतीन, गेली गया."

"मंग बोला न तुमी. मेलेलं मानूस बोलते का?"

यावर आत्यानं अटी घातल्या. अंगावर चादर नको. घरातून काढताना आधी डोकं, मग पाय; पाय पुढं काढतात ते मेलेल्याचे. मागच्या वाटेनं लपवत नेऊ नका, भर बाजारातून न्या. आणि खिडकी उघडी पाहिजे, कारण तिला हात बाहेर काढायचा होता.

दौलतभाऊंच्या फिल्ममध्ये झाडावर आदळण्याआधी हात बाहेर काढून बसलेल्या माणसाचाही एक प्रसंग होता. त्यावर त्यांनी गावाला किती ऐकवलं असेल! त्यांनी विडी तोंडातून काढली, परत घातली. "बाजार सरेलोक काढा," ते म्हणाले. "मी पायानं चालल्यावानी नेतो."

तशी आमची वरात निघाली. गाडी माणसाच्या चालीनं, मी आत आत्याजवळ, आणि खिडकीतून आत्याचा बांगड्या नसलेला वाळका हात बाहेर. "ओ शांते! मी जित्ती हाओ! अकोल्याले जाऊन राह्यली. कुरडया उलथ्या पाड माह्या! कोन, ठमी का? पाह्यतं काय अशी? वांगे कसे देल्ले?" लोक दुकानातून उतरून पाहत होते. कोणीतरी हसलं, मग सगळा बाजार हसला. एका भाजीवालीनं तिच्या हातात दोन वांगी दिली, ती आत्यानं अकोल्यापर्यंत पोटावर धरून ठेवली.

बाजार संपल्यावर तिनं हात आत घेतला आणि माझा हात धरला. तेव्हा मला कळलं की ती किती घाबरली होती. पातूरच्या घाटात दौलतभाऊ प्रत्येक वळणावर विचारत, "आत्याबाई, ठीक?" आणि ती म्हणे, "गड्डे पाहून पाहून घालून राह्यला का रे त्यायच्यात?" पुढच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. घामानं निथळलेला.

दवाखान्याची माणसं तिला आत घेऊन गेली. दौलतभाऊ रिकामं स्ट्रेचर उभं धरून दारातच थांबले. मी म्हटलं, "चला आत, पाहू कुठं ठेवतायत."

"आत जाची सवय नाई मास्तर," ते म्हणाले. "लढाईत आमाले दारापर्यंतच. एक देल्ला का दुसऱ्याले आनाले पया. कोन जगला, कोन नाई, आमाले कोन सांगन? एवढे आनले. एकाचंबी मालूम नाई मले."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी त्यांच्या दंडाला धरून आत नेलं. आत्या खाटेवर पडून नर्सला वांग्यांची भाजी कशी करायची ते सांगत होती.

तिचा पाय वजन लावून टांगला होता आणि तीन महिने लागणार होते. मला शाळेमुळे रविवारीच जाता येई. पण दौलतभाऊंची अकोल्याची कामं अचानक वाढली. कधी टायर, कधी तेल, कधी नुसतंच "गाडी पळवून आणतो." परत आले की ओट्यावर बसून सांगत: आज बोटं हलवली. आज वजन काढलं. आज कुबडीवर उभी राहिली आणि मला शिव्या दिल्या.

आणायला आम्ही दोघं गेलो. गाडी आतून-बाहेरून धुतलेली. आत्यानं मागं स्ट्रेचरकडं पाहिलं, पुढं सीटकडं पाहिलं, आणि काठी टेकत पुढं जाऊन बसली. तो तिचा हक्कच होता. पन्नास मैल दौलतभाऊंनी एकेक खड्डा चुकवत गाडी आणली.

गल्लीत सगळे जमले होते. शांतीनं विचारलं, "कशी व ते गाडी, आत्या?"

"बरी हाये," आत्या म्हणाली. "झोप लागते." त्यानंतर दौलतभाऊंना कोणाला विचारावं लागलं नाही.

गर्दी पांगली तरी दौलतभाऊ गेले नाहीत. त्यांच्या घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. ओट्यावर भिंतीला टेकून ते आत्या आतबाहेर करते ते पाहत बसले. काठी, पाय, काठी, पाय.

"काय पाह्यतं रे मेल्या?" आत्या म्हणाली.

"काई नाई," ते म्हणाले. "चाला तुमी."

पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशीच भरून ठेवलेला होता. आत्यानं तो पाहिला, काठी उचलली, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला सावकाश स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली.