कुसुमच्या नावाची पत्रिका

कागदावर एकदा उमटलेल्या लहानथोर सर्व नावांस दंडवत घालून वर्तमान लिहितो ऐसे की, ज्या साली छापखान्याचे धनी केशवराव हेंद्रे यांचे थोरल्या सुनेस जुळे झाले, ते साल शके एकोणीसशे बत्तीस. त्या मुलखात धन्यांचा छापखाना म्हणजे मोठे ठाणे, आणि रीत अशी की जी लग्नपत्रिका छापावी तिची पहिली प्रत तारेत ओवून ठेवावी, आणि ऐशा चाळीस सालांच्या तारा माडीवर लोंबत होत्या. मग पाळण्यांस जागा हवी म्हणून चिरंजीव दत्तोबांनी रद्दीवाल्यास सांगावा धाडिला. ते कोंडाबाई गुरवांचे कानी गेले आणि बाई तशाच अनवाणी निघाल्या.

कारण ऐसे की, बाईंच्या दिराचे लग्न ठरले ते समयी पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून लेक कुसुमचे नाव छापविले, आणि पत्रिका घरी आल्या आणि तिसरे दिवशी लेक गोवराने गेली. मग मंगलकार्यात गेलेल्याचे नाव नको म्हणून सासूबाईंनी जागा दाखविली आणि बाईंनी दोनशे पत्रिकांवर आपले हाते काजळ फासले. तेव्हा बाईंस अक्षर येत नव्हते. लेकीचा फोटो नाही, दाखला नाही. साठी उलटल्यावर बाई प्रौढांच्या वर्गात बसून वाचावयास शिकल्या, परंतु ते नाव वाचावयाचे राहिले होते.

दत्तोबा हसून म्हणाले, "आजी, हजारो पत्रिका आहेत. वाचता तरी येतं का?"

"येतं बाबा. तुझ्यापरीस सावकाश, पण येतं."

तेव्हा खाटेवरून धनी बोलिले, "दत्ता, शिडी लाव."

सालांच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणोन तीन दिवस बाई एकेक तार उतरवून वाचीत बसल्या, आणि रद्दीवाला दारी तराजू घेऊन दोनदा येऊन गेला, आणि तिसरे दिवशी दुपारी ती पत्रिका हाती आली, नाव स्वच्छ. बाईंनी बोट ठेविले. "कु... सु... म." मग म्हणाल्या, "एवढुसं नाव गं तुझं. आन् मी केवढं काजळ लावलं."

धनी म्हणाले, "घेऊन जा, कोंडाआक्का."

"नको. घरी एकटी पडंल. हितं लग्नाच्या गर्दीत हाय ती."

हे ऐकोन दत्तोबांनी रद्दीवाल्यास माघारा लाविले आणि पाळणे आपल्याच खोलीत टांगविले.

तात्पर्य, तारा माडीवर आहेत आणि नाव शाबूत आहे. कुसुम महादेव गुरव, वय वर्षे चार, शके एकोणीसशे, वैशाख शुद्ध नवमीस सकाळी वारली.