मशीन एकाचं, डबी दुसऱ्याची

घड्याळांच्या वेबसाइटवर ज्ञान वाटत बसलेल्या पंडितांनो, एका भल्या घरात चोर शोधायला लावलात तुम्ही! ठळक अक्षरांत छापलंत, 'नावं जुळत नसतील तर सावध व्हा!' आणि सावध कुणी व्हायचं? आमच्या जावईबुवांनी? ज्यांना घासात खडा लागला तरी हिऱ्याची खाण सापडल्याचा आनंद होतो, त्यांनी?

मेहुणा त्या दिवशी दूरच्या नोकरीवर निघाला होता. संध्याकाळची गाडी. बॅग दाराशी. सासूबाई त्याला वडिलांचं खिशातलं जुनं अमेरिकन घड्याळ देणार होत्या. वडिलांची तेवढीच एक वस्तू अजून चालत होती.

"नुसतंच काय देता?" जावईबुवा गरजले. "त्याचं कूळमूळ काढून देतो! कुठला कारखाना, कुठलं साल, सगळं! चहा होईस्तोवर!"

"मागे मिक्सर उघडला होतात," बायको म्हणाली.

"मिक्सरचं वेगळं होतं!"

हातात रबरी मोजा चढवून त्यांनी घड्याळाचं मागचं झाकण फिरवलं. लोणच्याची बरणी उघडावी तसं ते सुटलं. आत बारीक बारीक चाकं, कुणाकडे मान वर न करता कामाला लागलेली. मशीनवर एका कारखान्याचं नाव आणि नंबर. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र भलत्याच कारखान्याचं नाव, भलताच नंबर!

जावईबुवांच्या मिश्या ताठ झाल्या.

"घात झाला! डबी खरी आहे, पण आतलं मशीन कुणीतरी बदललंय! वाघाच्या कातड्यात बोकड कोंबलाय! दुरुस्तीला कोण घेऊन गेलं होतं?"

मेहुणा एका पायात मोजा घालून तसाच थांबला. "मी. मागे एकदा."

"अस्सं!"

त्या एका 'अस्सं'ने खोलीतली हवा गेली. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं आणि त्या पुढे सरसावल्या.

"त्याला एक अक्षर बोलू नका, जावईबापू. मशीन मी बदललंय."

"तुम्ही?"

"मी! हातून पडलं. ह्यांना कळू नये म्हणून गुपचूप दुसरं बसवून आणलं."

मेहुणा उसळला. "आई, तू गप्प बस! भावोजी, तिला कशाला छळता? मी बदललं! पाण्यात पडलं होतं माझ्याकडून!"

जावईबुवांनी बोटं मोजून हिशेब केला. "दोघांनीही बदललं? म्हणजे हे तिसरं मशीन? मग आधीची दोन कुठंयत?"

"हरवलं!" सासूबाई म्हणाल्या.

"फेकून दिलं!" मेहुणा म्हणाला.

मग त्याने भावोजींच्या हातातलं घड्याळ घेऊन टेबलावर ठेवलं आणि बॅग उचलली. "मला नको ते. बाबांचं राहिलंच नाहीये त्यात काही."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. घड्याळ मात्र कुणी न विचारता टिकटिकत राहिलं.

"अहो," बायको मोबाइल चाळत म्हणाली, "त्याच वेबसाइटवर हे खाली वाचलंत का?"

"खाली काय वाचायचंय? वरच सगळं कळलं!"

"ऐका. 'त्या काळी मशीन एक कारखाना बनवी आणि डबी दुसरा. गिऱ्हाईक दुकानात दोन्ही निवडी, दुकानदार बसवून देई. त्यामुळे नावं आणि नंबर वेगळे असणं हीच रीत.'"



"मग तू काय बदललंस रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मी? काहीच नाही! दुकानदाराने नुसतं तेल घातलं. तू काय बदललंस?"

"मला तर ते झाकण फिरतं हेच आज कळलं!"

"मग खोटं का बोललीस?"

"आणि तू, मेल्या?"

दोघं हसत सुटले. हसता हसता सासूबाईंचे डोळे वाहायला लागले. त्यांनी झाकण फिरवून लावलं, घड्याळ लेकाच्या खिशात घातलं आणि वरून दोनदा थोपटलं. मग मायलेकांनी माना वळवून एकाच वेळी जावईबुवांकडे पाहिलं. जावईबुवा हातातला रबरी मोजा काढायला लागले. तो निघेना.

मायलेक हातात हात घालून निघाले. मागून बॅग घेऊन जावईबुवा.

तर पंडितहो, भ्यायला सांगता वर, ठळक अक्षरांत, आणि धीर देता तळाला, मुंगीएवढ्या! न झालेला गुन्हा दोघांनी एकमेकांसाठी अंगावर घेतला. झालेला गुन्हा कुणी घ्यायचा? तुम्ही घेताय, की आमच्या जावईबुवांनी एकट्यानेच? बोला! उत्तर हवंय!